गेटकडे पाठ केलेली खुर्ची

शाळेची घंटा वाजली की मला आधी वास येतो आणि मग आवाज ऐकू येतो. वास शेवंतीचा असतो. त्यात ओल्या फडक्याचा थोडा कुबट वास मिसळलेला असतो, आणि कडुलिंबाच्या वाळलेल्या पानांचाही. आता मी अकोला जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात मुख्याध्यापिका आहे. इथे कपाशी आहे, तूर आहे, पण फुलशेती कोणाकडे नाही. तरी घंटेवर टोला पडला की क्षणभर माझ्या कार्यालयात कोणीतरी फुलांची पाटी उतरवून ठेवल्यासारखं वाटतं. मी मान वर करून पाहते. दारात उन्हाशिवाय कोणी नसतं.

हा वास वलगावच्या पलीकडच्या एका गावाचा आहे. तिथे माझी पहिली नोकरी होती.

मी मूळची अंजनगाव सुर्जीची. वडील दुसऱ्याच्या पानमळ्यात कामाला जात. वेलीवरची पानं खुडून खुडून त्यांच्या अंगठ्याचं नख कायमचं हिरवट झालं होतं. माझ्या पदवीचा कागद घरी आला तेव्हा त्यांनी तो हातात घेतला नाही. "डाग लागन," म्हणाले, आणि लांबूनच बराच वेळ पाहत राहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे शाळा म्हटली की माझ्या मनात देवळात शिरल्यासारखं काहीतरी होई. शिक्षिका म्हणून रुजू झाल्यावरही मी पहिले काही महिने वर्गात जाताना उंबऱ्याशी थबकत असे.

ते गाव पेढी नदीच्या काठचं. नदीकडच्या बाजूला भाज्यांचे वाफे आणि त्यांच्या मागे शेवंती, झेंडू, बिजली अशी फुलं. गणपती ते दिवाळी फुलांचा ऐन हंगाम; शेवंतीची तोड त्यानंतरही हिवाळाभर चाले. घरातली सगळी माणसं अंधार असतानाच शेतात उतरत. तोडलेली फुलं टेम्पोत चढवून अमरावतीला पाठवायची आणि मागे उरलेल्या फुलांचे हार ओवायचे. ते झाल्यावर पोरं अंघोळ करून शाळेत येत. त्यांच्या बोटांच्या टोकांना पिवळं काहीतरी लागलेलं असे. वहीच्या कोपऱ्यांवर ते उमटे. सातवीच्या वह्या तपासताना मला कधीकधी वाटे, मी वह्या नाही, कसल्यातरी पाकळ्याच उलटते आहे.

अर्थात ही पोरं उशिरा येत. परिपाठ संपलेला असे आणि गेट लावलेलं असे. ती गेटबाहेर उभी राहत, गजांना धरून आत बघत. पहिला तास संपला की त्यांना आत घेतलं जाई. काही तोवर घरी निघून गेलेली असत.

मी तिथे असतानाच नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्या अकोल्याच्या. आम्ही त्यांना मोठ्या मॅडम म्हणायचो. उंच, सडसडीत. चालताना त्यांच्या साडीचाही आवाज होत नसे. आधीच्या शाळेत त्यांच्या वक्तशीरपणाचं नाव होतं. पण त्या रागावणाऱ्या नव्हत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी गेटबाहेर उभी असलेली पोरं पाहिली, आपली खुर्ची कार्यालयातून आवारातल्या कडुलिंबाखाली आणवली आणि गेटकडे तोंड करून बसल्या. रोज येणाऱ्याकडे पाहून हसायच्या. उशिरा येणाऱ्याकडे पाहूनही हसायच्या, पण मग भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर न्यायच्या. त्या नजरेनेच पोरं अर्धमेली होत.

लिंबाच्या फांदीला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तीच आमची घंटा. तिचा आवाज नदीपलीकडच्या शेतापर्यंत जाई. ती शिपाई वाजवायचा. मोठ्या मॅडमनी लोखंडी गज त्याच्या हातून घेतला आणि परिपाठात सांगितलं, "ज्या वर्गात आठवडाभर कोणी उशिरा येणार नाही, त्या वर्गाकडे पुढचा आठवडाभर घंटा."

असं काही मी आधी पाहिलं नव्हतं. घंटा वाजवणं ही पोरांना किती मोठी गोष्ट वाटते, हे तोवर आम्हा कोणालाच कळलं नव्हतं. शाळा एकदम बदलली. पोरं धावत येऊ लागली. पायात चप्पल नसलेली, केस ओले, सदऱ्याची बटणं चुकलेली, पण वेळेवर. आमच्या शाळेत एक वयस्क गुरुजी होते. ते पहिली-दुसरी शिकवत आणि कशावरही लगेच विश्वास ठेवत नसत. ते मला म्हणाले, "घंटा वाजवाले तं सारे येऊन राहिले बाप्पा. शिकाले कोण येते ते पाहू."

आम्ही हसलो. भेटीला आलेल्या साहेबांनी मोठ्या मॅडमचं कौतुक केलं. गणपती झाले, नवरात्र जवळ आलं. उशिरा येणारं कोणी उरलंच नाही. घंटा बहुतेक वेळा माझ्या सातवीकडेच असे.

माझ्या सातवीत एक मुलगी होती. तिचं वाचन ऐकलं की वर्गातला पंखाही हळू फिरतो आहे असं मला वाटायचं. ती शब्द वाचत नसे, ते कोणालातरी जपून हातात दिल्यासारखी पुढे ठेवत असे. तिच्या घरी शेवंती होती. गणपतीनंतर ती येईनाशी झाली. हंगाम आहे, येईल, असं सगळ्यांसारखंच मीही म्हटलं. आणखी चार-दोन फुलवाल्या घरांतली पोरंही दिसत नव्हती. बाकीचा वर्ग वेळेवर भरत होता, आणि भरलेला वर्ग पाहताना रिकामी जागा पटकन डोळ्यांत येत नाही.

दसऱ्याच्या आधी आमची अमरावतीला बैठक होती. ती संपल्यावर मोठ्या मॅडम म्हणाल्या, "चल, पाटीपूजनाला फुलं घेऊ. आपल्या गावची फुलं शहरात विकत घेऊ, गंमत."

दुपार कलली होती. फुलबाजारात सकाळची गर्दी ओसरली होती आणि रस्त्यावर तुडवलेल्या पाकळ्यांचा एक मऊ थर झाला होता. त्यावरून चालताना पावलांचा आवाज येत नव्हता. गोणपाटावर फुलांचे ढीग मांडून बायका बसल्या होत्या. एका ढिगामागे ती होती. हातात सुई-दोरा, मांडीवर अर्धा ओवलेला हार. आम्हाला पाहून ती उभी राहिली. वर्गात मॅडम आल्यावर पोरं उभी राहतात तशीच.

तिची आई शेजारीच बसली होती. तिने आधी गिऱ्हाईक म्हणून पाहिलं. "घ्या बाई, ताजी हाये शेवंती." मग ओळख पटली. "अवं, मॅडम हायेत काय तुमी? बसा नं. पाणी घेता?"

मोठ्या मॅडम गोणपाटाच्या कडेला बसल्या. मुलीला म्हणाल्या, "काहून गं, शाळा विसरली का?"

ती खाली पाहून म्हणाली, "मी आली तं वर्गाची घंटा जाते नं, मॅडम."

मोठ्या मॅडमना कळलं नाही. मलाही नाही.

"मले उशीर होते," ती समजावून सांगू लागली, जसं ती वर्गातल्या लहान मुलींना गणित समजावत असे. "हार झाल्याबिगर निंगता येत नाई. मी लेट आली का घंटा दुसऱ्या वर्गाकडे जाते. पण गैरहजर असली तं तुमी लेट धरत नाई. म्हणून आमी सगळ्यायनं ठरवलं, ज्याले वेळेवर जमत नाई त्यानं यायचंच नाई."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"वर्गानं. म्या बी हात वर केला होता."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट थोडा अभिमानच होता. वर्गासाठी आपण काहीतरी केलं, असा. घंटा कशी वाजते हे तिने मला विचारलं. आमच्या वर्गातलं कोण वाजवतं, जोरात वाजवतं का. 

मोठ्या मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. त्या तिच्या आईकडे वळल्या. "ताई, यात पोरीची चूक नाही. चूक माझी आहे. तिला पाठवा. उशीर झाला तरी पाठवा."

आईने फुलांवर पाणी शिंपडलं. शांतपणे म्हणाली, "शाळेलेच नोको होती ते, मंग म्या इथं बसवली. आता तिचा हात बसला हारावर. मले बी सोबत झाली. दिवाळीपरेंत तं सोडत नाई. दिवाळीनंतर पुढच्या गल्लीत एक जागा मिळून राहिली, तिथं तिलेच कायम बसवतो म्हणतो. तुमी आज चूक म्हणता. उद्या तुमची बदली होईन, मंग?"

बदलीची गोष्ट खरीच होती.  मोठ्या मॅडमनी शेवंती घेतली. आईने वरून ओंजळभर जास्तीची घातली. "शाळेच्या सरस्वतीले," म्हणाली.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि पिशवी मांडीवर. बाहेर तुरीची शेतं मागे जात होती, उन्हात तरंगल्यासारखी. त्या म्हणाल्या, "मी घड्याळ चालवलं. शाळा कुठे चालवली?" वलगाव मागे पडलं. उतरायच्या आधी त्यांनी एवढंच विचारलं, "दिवाळीनंतर म्हणजे सुट्टी संपल्यावर ना?"

"हो."

"म्हणजे अजून वेळ आहे."

दुसऱ्या दिवशी परिपाठात त्या पोरांना रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वर्गाचा मान राखायला तुमच्यातल्या काहींनी घरी राहायचं ठरवलं. तुम्ही नियम नीट पाळला. नियमच मी चुकीचा केला होता. तो आजपासून नाही." वयस्क गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मुख्याध्यापकाला असं बोलताना आम्ही कोणीच ऐकलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते सगळं काही लगेच जमलं नाही. आधी त्यांनी ठरवलं, जो सगळ्यात शेवटी येईल त्याने घंटा वाजवायची, म्हणजे उशिरा येणाऱ्याला लाज वाटणार नाही. दोन दिवसांत अर्धी शाळा कुंपणामागे लपून बसू लागली, शेवटी आपणच यावं म्हणून. एक जण तर पाण्याच्या टाकीमागून निघालाच नाही. गुरुजी म्हणाले, "मॅडम, तुमच्या डोक्यापेक्षा या पोट्ट्यायचं डोकं जोरात पळते." मोठ्या मॅडम तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं.

मग त्यांनी पोरांनाच विचारलं. पोरांनी सांगितलं, हजेरीच्या क्रमाने एकेकाला वाजवू द्या, ज्याचा नंबर असेल तो. गैरहजर असलेल्याचा नंबर गेला असं धरायचं नाही. ते माझ्या सातवीतल्या एका मुलाने सुचवलं, आणि तसं ठरलं.

दिवसाची आखणीही बदलली. शाळा भरायची वेळ काही आम्हाला बदलता येत नव्हती, पण पहिल्या तासात काय करायचं ते आमच्या हातात होतं. गणित, इंग्रजी दुपारकडे सरकवलं. सकाळी लिंबाखाली सगळी शाळा बसे आणि एक जण गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाची; बाकीच्यांसमोर दोघा-तिघांत मिळून त्याचीच एक प्रत असे. हे वाचन संपल्यावर घंटा व्हायची. गेट उघडं असे. येणारा येई आणि जागा दिसेल तिथे बसे. वाचणाऱ्याने थांबायचं नाही, कोणी मागे वळून पाहायचं नाही. शेजारच्याने फक्त पुस्तक थोडं सरकवायचं आणि कुठल्या ओळीवर आलो ते बोटाने दाखवायचं.

आणि त्यांनी आपली खुर्ची फिरवली. आता त्या गेटकडे पाठ करून बसू लागल्या. मला आधी हे विचित्र वाटलं. मुख्याध्यापकाचं लक्ष गेटवर नको का? पण मी पाहत राहिले. पोरं गेटातून आत येताना आता दचकत नव्हती. त्यांच्या समोर एक पाठ असे, फिकट निळ्या साडीची, आणि त्या पाठीपलीकडे कोणीतरी गोष्ट वाचत असे. ती पोरं त्या आवाजाकडे चालत येत, झोपेतून उठून कोणी स्वयंपाकघराकडे यावं तशी.

हळूहळू बाकीची फुलवाली पोरं परतली. ती मुलगी नाही. दिवाळीची सुट्टी लागली. मी अंजनगावला गेले. वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुहे गुरुजी बी एकदा मळ्यात आले होते, ध्यान हाये काय?" मला आठवत नव्हतं. मी लहान होते. गुरुजी येऊन वेलीच्या सावलीत उभे राहिले, पान खाल्लं आणि जाताना एवढंच म्हणाले की पोरीला शाळेतून काढू नका. "तेवढ्यानंच नाई काढली," वडील म्हणाले. मी त्या संध्याकाळी अंगणात बराच वेळ बसून होते. माझ्या सगळ्या आयुष्याच्या मागे कोणा एका माणसाची मळ्यापर्यंतची पायपीट होती, आणि मला ती ठाऊकही नव्हती.

सुट्टीनंतर शाळा उघडली. घंटेचा क्रम आता सातवीच्या हजेरीवर आला होता आणि लवकरच त्या मुलीचा नंबर आला. वाचन संपलं. कोणी उठलं नाही. लोखंडी गज झाडाच्या बुंध्याशी तसाच टेकवलेला राहिला.

"पुढच्याने वाजवा," मी म्हणाले.

 क्रम सुचवणारा तोच मुलगा म्हणाला, "मॅडम, नंबर तिचा हाये. गेला असं धरायचं नाई म्हणलं होतं."

मी मोठ्या मॅडमकडे पाहिलं.  मग त्यांनी हाताने इशारा केला आणि पोरं रांगेने वर्गात गेली. त्या दिवशी घंटा वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शाळेवर एक वेगळीच शांतता आली. लिंबाची पानं गळताना ऐकू येत. गुरुजी कुरकुरले, "एका पोट्टीसाठी साऱ्या गावाचं घड्याळ बंद पडलं. लोक मले रस्त्यात विचारून राहिले."

"काय सांगता त्यांना?"

"काय सांगन. म्हणतो, घंटा वाट पाहून राहिली."

घंटा अशी थांबवून ठेवणं मोठ्या मॅडमना फारसं आवडलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. दुपारी त्या मला म्हणाल्या, "पोरीवर दडपण तर नाही ना येणार? पण पोरांनी ठरवलंय. मागच्या वेळी त्यांनी तिला बाहेर ठेवायचं ठरवलं होतं. आता तिची जागा राखायचं ठरवलंय. हे मी कसं मोडू?"

त्यानंतर एका सकाळी वाचन चालू असताना माझं लक्ष गेटकडे गेलं. तिची आई उभी होती. डोक्यावर रिकामी पाटी, एक हात कमरेवर. मी उठून गेले.

"घंटा काहून वाजून नाई राहिली?" ती म्हणाली. "घंटा झाली का मी तोडणाऱ्या बायायले चहा देतो. दोन-चार रोजापासून काई समजूनच नाई राहिलं."

"तुमच्या मुलीचा नंबर आहे," मी म्हणाले. "ती आल्याशिवाय पोरं हात लावत नाहीत."

 एवढ्यात पाचवीतला एक मुलगा तिच्या बाजूने आत गेला, पायाला चिखल, खांद्यावर ओला टॉवेल. तो मांडी घालून बसलेल्या पोरांतून वाट काढत जाऊन बसला. कोणी वळलं नाही. शेजारच्याने पुस्तक सरकवलं. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग त्या फिरवलेल्या खुर्चीकडे.

"हा रोज असाच येते?"

"हंगामात रोज."

"अन् मोठ्या मॅडम पाहतच नाईत?"

"नाही."

"मंग त्यायले समजते कसं, कोण आलं अन् कोण नाई?"

मला हसू आलं. "त्यांनाच विचारा."

ती आत आली नाही. वाचणाऱ्या मुलीचा आवाज थोडा वेळ ऐकत राहिली आणि हळूच म्हणाली, "आमची याच्याहून चांगली वाचते." मग पाटी सावरत निघून गेली. मोठ्या मॅडमनी मान वळवली नाही, पण वाचन संपल्यावर मला विचारलं, "शेवंतीचा वास आला मघाशी. कोण होतं?"

ती मुलगी आली त्या दिवशी ऊन फार कोवळं होतं. मी तिला येताना पाहिलं नाही, कारण नियम मलाही होता. मला फक्त तो वास आला. माझ्या वर्गाच्या रांगेत थोडी हालचाल झाली. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. शेजारच्या मुलीने मान न वळवता पुस्तक तिच्याकडे सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. तिने बोट पाहिलं. मग स्वतःचं बोट त्याच्या शेजारी ठेवलं, टोकाला पिवळं लागलेलं. दोन्ही बोटं एकत्र ओळीवरून सरकू लागली.

वाचणारा मुलगा पानाच्या शेवटाशी थांबला. त्याने पुस्तक तिच्या हातात दिलं, जणू ती कधी गेलीच नव्हती. पुढचं पान तिने वाचलं.  माझ्या बाजूला मोठ्या मॅडम बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले होते. गेटकडे त्यांची पाठ होती, पण मला वाटतं, त्या सकाळी त्यांना गेटातून आत आलेलं सगळं दिसत होतं.

मग ती उठली आणि लिंबाजवळ गेली. गज तिच्या हातात जड झाला असावा, पहिला टोला हलकाच पडला. दुसरा नीट पडला. नदीपलीकडच्या शेतात कोणीतरी चहाची किटली चुलीवरून उतरवली असेल.

मोठ्या मॅडमची बदली पुढे झालीच. खुर्ची मात्र तशीच राहिली, असं मला गुरुजींनी नंतर फोनवर सांगितलं.

इथे, या कपाशीच्या गावात, मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले तेव्हा कार्यालयातली खुर्ची मोठी आणि गुबगुबीत होती. मी ती तिथेच ठेवली. वर्गातली एक साधी खुर्ची बाहेर काढली आणि बाभळीच्या सावलीत ठेवली. कापूस वेचणीचे दिवस आहेत. पोरांना उशीर होतो. सकाळी एक मुलगी वाचत असते, बाकीची ऐकत असतात. मी गेटकडे पाठ करून बसते. मागे कोणाचीतरी पावलं येतात, वाळलेल्या पानांवर थांबत थांबत, आणि मी वळून पाहत नाही.